सगळ्या वर्गाचं एकच ताट

शुक्रवार पेठेत सुहासिनीबाई परचुऱ्यांना ओळखत नाही असं घर कमी, आणि त्या जेवायला येणार म्हटल्यावर धास्तावत नाही असं घर त्याहून कमी. मुलींच्या शाळेत त्यांनी उभी हयात गृहशास्त्र शिकवलं. पानावर बसल्या की आधी त्यांची नजर ताटभर फिरायची आणि मग हात भाताला लागायचा. बोलायच्या काहीच नाहीत. पण घरची बाई मनात म्हणायची, कोशिंबीर करायला हवी होती.

निवृत्त झाल्यावर ही नजर बेकार झाली. घरात ताटं दोनच, आणि त्यातलं एक श्रीनिवासरावांचं. बँकेतून निवृत्त झालेल्या श्रीनिवासरावांनी लग्नापासून आजवर बटाट्याची भाजी, आमटी आणि भात यांच्याशी एकनिष्ठ राहून संसार केला होता. त्या ताटात शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मोबाइलवरचं इंटरनेट एकदम स्वस्त झालं, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. त्यांची मुलगी अवनी हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये होती. एका रविवारी ती जेवायला आली आणि म्हणाली, "आई, काम करशील का? बरंचसं घरी बसून."

काम असं होतं. हडपसरच्या एका छोट्या कंपनीने ‘निवांत’ नावाचा ऑनलाइन कार्यक्रम काढला होता. पुण्यातल्या एका विद्यापीठाने तो आपल्या विद्यार्थ्यांसाठी घेतला होता. मुलांनी रोज आपल्या जेवणाचा फोटो पाठवायचा आणि पंधरवड्यातून एकदा मनावरच्या ताणाबद्दलच्या काही प्रश्नांची उत्तरं लिहायची. इकडे बसलेल्या ताईने फोटो पाहून तारे द्यायचे आणि दोन ओळी लिहायच्या. अशी मराठी लिहिणारी ताई त्यांना हवी होती.

"म्हणजे लोकांच्या ताटात डोकावायचं," श्रीनिवासराव पेपरामागून म्हणाले. "आजवर फुकट केलंस. आता पगार देतायत तर घे."

"अहो, मुलांच्या तब्येतीसाठी आहे ते."

"मी कुठे नाही म्हणतोय? फक्त आपल्या घरचा फोटो पाठवू नकोस. माझा एक तारा जाईल."

सुहासिनीबाईंनी काम घेतलं. आठवड्यातून एकदा त्या स्वारगेटहून बस पकडून हडपसरला जात. एके काळी जिथे उसाचे फड होते तिथे आता काचेच्या इमारती उभ्या होत्या, आणि त्यातल्या एकीच्या चौथ्या मजल्यावर ‘निवांत’चं ऑफिस होतं. तिथला प्रमुख सौमित्र, अवनीच्याच वयाचा. कंपनीत सगळे सगळ्यांना नावाने हाक मारत. पहिल्या दिवशी त्यानेही "वेलकम, सुहासिनी" असं म्हणून पाहिलं. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. दुपारपासून तो काकू म्हणू लागला.

त्याने नियम समजावून सांगितले. मुलांची नावं दिसणार नाहीत, फक्त क्रमांक दिसतील. भेटायचं नाही, फोन करायचा नाही. उत्तरं तयार होती, त्यातलंच एक निवडून पाठवायचं. ‘छान! उद्या एक फळ घ्याल का?’ ‘एक दीर्घ श्वास घ्या.’ ‘पाणी पुरेसं पिता ना?’ कुणी फारच खचलेलं वाटलं तर तो क्रमांक ऑफिसातल्या मानसतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे द्यायचा. मग त्या, मुलाने होकार दिला तरच, नाव उघडून बोलायच्या.

सुहासिनीबाईंना या कामाची गोडी लागली. सकाळची आवराआवर झाली की त्या खिडकीपाशी लॅपटॉप उघडून बसत आणि अख्ख्या महाराष्ट्राची ताटं एकामागून एक त्यांच्यासमोर येत. पोह्यांवर तर्री ओतणारा नागपूरकडचा असणार, हे त्या ओळखू लागल्या. भाकरीवर शेंगदाण्याची चटणी आणि वर तेलाची धार दिसली की सोलापूर. इडलीला साखर लावून खाणारं कोण असेल, याचा मात्र त्यांनी दोन दिवस विचार केला. पत्ता लागला नाही.

पहिल्याच रविवारी भलतंच झालं. संध्याकाळी एकही फोटो नाही. सगळे क्रमांक लाल झालेले, म्हणजे जेवण चुकवलेलं. त्यांनी घाबरून अवनीला फोन लावला.

"आई, रविवारी दुपारी फीस्ट असते आणि संध्याकाळी मेस बंद," अवनी हसत म्हणाली. "पुण्यात जन्मलीस आणि हे माहीत नाही?"

"पुण्यात जन्मले म्हणूनच माहीत नाही," बाई म्हणाल्या.

याच दिवसांत त्यांना एक ताट आवडू लागलं. विश्रांतवाडीच्या बाजूच्या कुठल्याशा मेसचं असावं, कारण त्या भागातल्या कॉलेजचे क्रमांक एका ठरावीक आकड्याने सुरू होत. स्टीलचं कप्प्यांचं ताट, कडेला एक पोचा. पण वाढणी कशी! दोन पोळ्या नीट घडी घालून, वरणाला हात न लागलेला, बिटाची कोशिंबीर, पालेभाजी, लिंबाची फोड आपल्या जागी. बाई रोज पाचही तारे देत. एवढ्या धबडग्यात एखादं पोर असं निगुतीने जेवतंय, याचं त्यांना कौतुक वाटे.

मग तेच ताट दुसऱ्या क्रमांकाकडून आलं.

एकाच मेसमध्ये जेवत असतील, त्यांनी मनाशी म्हटलं. पण तिसऱ्याकडून आलं, चौथ्याकडून आलं. पोचा त्याच जागी. वरच्या पोळीला एक करपलेला ठिपका, तोही तिथेच. शेवटी त्यांनी भिंग काढलं. ताटाशेजारी टेबलावर फोटो काढणाऱ्या हाताची सावली पडली होती आणि त्या सावलीला बांगडी होती. सगळ्या फोटोंत तीच बांगडी. मोजायला लागल्या तेव्हा तिशीच्या पुढे गेल्या आणि मोजणं सोडलं.

पुढच्या रविवारी त्यांनी हे जेवताना सांगितलं. अवनीला ठसकाच लागला.

"या कार्यक्रमाला टर्मवर्कचे मार्क आहेत का गं?" तिने विचारलं.

"आहेत. विद्यापीठाने सक्तीचा केलाय."

"मग झालं. आई, मार्क आले की ते सबमिशन झालं. आमच्याकडे अख्ख्या वर्गात एकच मुलगी जर्नल लिहायची, बाकीचे उतरवायचे. ड्रॉइंगची शीटसुद्धा आम्ही काचेखाली दिवा लावून एकमेकांची गिरवायचो. यांनी तर नुसता फोटो ग्रुपवर टाकलाय. एक जेवते, वर्ग पास होतो."

"सोयीचं आहे," श्रीनिवासराव म्हणाले. "आमच्या वेळी एकाने जेवून दुसऱ्याचं पोट भरायचं तर श्राद्ध घालावं लागे."

बाई हसल्या. सौमित्रला हे सांगायला हवं होतं, पण त्यांनी सांगितलं नाही. शाळेतही कॉपी धरली की त्या आधी थोडा वेळ गप्प बसून पाहत: कुणी कुणाची पाहिली, कुठे चुकवलं, कुठे स्वतःची अक्कल घातली. ती खोड गेली नव्हती. आणि त्यांना राहून राहून वाटत होतं, ही बांगडीवाली कोण? रोज वर्गाच्या वतीने जेवणारी?

पंधरवडा संपला आणि ताणाच्या प्रश्नांची उत्तरं आली. विश्रांतवाडीच्या क्रमांकांकडून काय येणार ते बाईंना माहीतच होतं. सगळ्यांची एकच उत्तरं. झोप बरी लागते. अभ्यासाचं थोडं टेन्शन आहे. मित्रमैत्रिणी आहेत. बाईंनी एक वाचलं, दुसरं वाचलं, आणि मजेने तिसरं उघडताना शेवटच्या प्रश्नापाशी त्यांचं लक्ष गेलं. ‘जेवण नकोसं कधी वाटतं?’ पहिल्या दोन वेळा त्यांनी ते उत्तर नुसतंच डोळ्यांखालून घातलं होतं. आता वाचलं.

‘बाबा गेल्यापासून गावाकडे आई एकटी आहे. मी जेवले असं फोनवर सांगितल्याशिवाय ती जेवत नाही. म्हणून मी रोज जेवले म्हणते. पण ताट समोर आलं की घास उतरत नाही. असं किती दिवस चालतं?’

त्यांनी मागचं पुन्हा उघडलं. तेच होतं. पुढचं उघडलं. तेच. एका बहाद्दराने ‘जेवले’चं ‘जेवलो’ केलं होतं, बाकी अक्षरही हलवलं नव्हतं. तीस-चाळीस मुलांचे वडील गेलेले, तीस-चाळीस आया गावाकडे उपाशी बसलेल्या.

बाईंनी लॅपटॉप मिटला आणि पुन्हा उघडला. मग त्यांनी बांगडीच्या सावलीचा जुना फोटो काढून पाहिला. हात न लागलेलं वरण. न मोडलेली पोळी. जेवणाआधीचं ताट म्हणून त्या पाहत होत्या. आता त्यांच्या मनात आलं, हे जेवणाआधीचं कशावरून? आणि या ताटाला आपण आजवर पाचच्या पाच तारे देत आलो.

दुसऱ्या दिवशी ठरलेला वार नसतानाही त्या हडपसरला गेल्या.

सौमित्रला सगळं आधीच कळलं होतं. संगणकानेच त्याला दाखवलं होतं. "काकू, डुप्लिकेट आहेत सगळे. मी लिस्ट काढलीय. संध्याकाळी लॉक करतो. कॉलेजला कळवलं की टर्मवर्क कट होईल, मग येतील लाइनीवर."

"लॉक म्हणजे?"

"अकाउंट बंद. मेसेज येणार नाहीत, जाणार नाहीत."

"त्यात एक खरी आहे."

"कोणती?"

"तेच शोधायचंय."

"काकू, सगळ्या कॉपी आहेत."

"असतील. पण कॉपी कशाची तरी असते ना?"

सौमित्रने पडद्यावरची एक नोंद उघडली. मग त्याने ते शेवटचं उत्तर वाचलं. तो मनाचा वाईट नव्हता, फक्त त्याच्यासमोर आलेली यादी लाल रंगात होती. त्याने डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "मला क्रमांक द्या, मी आज बोलते. पण चाळीस मुलांना तुमचे वडील गेले का, असं विचारत नाही बसता येणार."

सर्वांत आधी कुणाचं उत्तर आलं ते सौमित्रने काढून पाहिलं. पहिलं आलेलं ‘जेवलो’वालं निघालं. म्हणजे जिचं होतं तिने आधी ग्रुपवर टाकलं आणि स्वतः नंतर भरलं. फोटोंचंही तसंच. त्या वाटेने पुढे जाता येईना.

"मला एक उत्तर लिहू दे," सुहासिनीबाई म्हणाल्या. "माझ्या शब्दांत. सगळ्यांना तेच."

"सगळ्यांना सेम? मग ते आपलंही कॉपी-पेस्टच झालं की."

"हो. त्यांना सवय आहे."

सौमित्रला हसू आलं. "लिहा. लॉक उद्यावर ढकलतो. पण उद्याच्या पुढे नाही काकू, वरून विचारतील."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. फळ्यावर लिहिताना त्या कधी अडखळल्या नव्हत्या, आज मात्र दोनदा खोडलं. शेवटी पाठवलं ते असं होतं:

‘मुलांनो, शेवटच्या प्रश्नाचं एकच उत्तर मला तुमच्यापैकी पुष्कळांकडून आलं आहे. ज्यांनी उतरवून घेतलं त्यांना मी रागावत नाही. एवढंच करा, तुम्ही काय पाठवलंत ते एकदा वाचा. आणि जिचं ते स्वतःचं आहे तिला सांगते: असं किती दिवस चालतं, हे तू विचारलं आहेस. फार दिवस चालत नाही, बाळ. तू हा प्रश्न कुणाला तरी विचारलास हे चांगलं केलंस. मला नुसतं "मी" एवढं लिही. पुढचं आपण बघू.’

बसमधून परत येताना त्यांना एकच शंका खात होती. वाचलंच नाही तर? ज्यांनी स्वतःचं उत्तर वाचलं नाही ते आपलं कशाला वाचतील?

घरी आल्यावर श्रीनिवासराव पेपर ठेवून उठले. चहा त्यांनी केला, जे ते सहसा करत नसत. चहात साखर नव्हती. बाईंच्या ते लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला निरोप आला तो ‘जेवलो’वाल्याचा. ‘सॉरी ताई. माझे बाबा आहेत. मी वाचलंच नव्हतं. आत्ता वाचलं. कुणाचं आहे माहीत नाही.’ मग एकेक येत गेले. सॉरी ताई. माझं नाही ताई. मार्क जाणार का ताई. एकीने फक्त जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. बाई प्रत्येक निरोप उघडत होत्या आणि पाहत होत्या, ‘मी’ आहे का. नव्हतं. दुपार कलली तरी नव्हतं. सौमित्रचा फोन येऊन गेला. संध्याकाळपर्यंत थांबतो म्हणाला.

चारच्या सुमाराला एक मोठा निरोप आला.

‘ताई मी नम्रता. नाव लिहायचं नसतं पण लिहिते. ते उत्तर माझं नाही, पण कुणाचं आहे मला कळलं. आमच्या ग्रुपमध्ये ती सगळ्यात आधी फोटो काढते, कारण तिचं ताट छान दिसतं. फोटो झाला की ती म्हणते मला आज भूक नाही, तुम्ही घ्या. आम्ही घेतो. रोज. आम्हाला वाटायचं ती स्वभावानेच अशी आहे, देणारी. गेल्या वर्षापासून तिची पोळी मीच खाते ताई. तुमचं वाचलं आणि मला कसंतरीच झालं. मी आत्ता तिच्या रूमबाहेर उभी आहे. काय बोलू?’

सुहासिनीबाईंची बोटं तयार उत्तरांच्या यादीवर गेली आणि तिथून परत आली. त्यांनी लिहिलं, ‘काही बोलू नकोस. आत जा आणि बस.’

त्यानंतर बराच वेळ काही आलं नाही. बाई खिडकीपाशी बसून राहिल्या. समोरच्या गॅलरीत कुणीतरी गाद्या झटकत होतं. श्रीनिवासराव दोनदा येऊन पडद्याकडे पाहून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, "आलं का?" आजवर त्यांनी या कामाबद्दल विचारलेला हा पहिला सरळ प्रश्न.

"नाही."

ते बाजूची खुर्ची ओढून बसले.

दिवे लागायच्या वेळेला ‘मी’ आलं. एकच अक्षर. त्याच्यामागून थोड्या वेळाने बाकीचं आलं. तिचं नाव भाग्यश्री. गाव अंबाजोगाईच्या पुढे. वडील मागच्या दिवाळीनंतर गेले, आणि हे तिने इथे कुणालाच सांगितलं नव्हतं. तिने लिहिलं होतं, ‘ग्रुपवर टाकलेली फाइल कुणी वाचत नसतं, म्हणून मी खरं लिहिलं. तुम्ही वाचाल असं वाटलं नव्हतं. हे सगळे वाचतील असंही वाटलं नव्हतं. आता सगळे माझ्या रूममध्ये येऊन बसलेत आणि जात नाहीयेत.’

डॉक्टरीणबाईंशी बोलशील का, असं बाईंनी विचारलं. ती हो म्हणाली. बाईंनी क्रमांक पुढे दिला आणि लॅपटॉपसमोरून उठल्या.

डॉक्टरीणबाई तिच्याशी दोन-तीनदा बोलल्या. काय बोलल्या ते त्यांनी सांगितलं नाही, सांगायचंही नसतं. आठवड्याने भाग्यश्रीचाच निरोप आला.

‘ताई, आईला खरं सांगितलं. नम्रता शेजारी बसली होती म्हणून जमलं. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मी पण तुला हो म्हणत होते गं. तू जेवलीस म्हणालीस की मी जेवायला बसते म्हणायचे आणि चहा करून प्यायचे. एकटीसाठी चूल पेटवावी वाटत नाही. आम्ही दोघी एकमेकींना खोटं सांगत होतो ताई. आता परीक्षा संपेपर्यंत ती इकडे माझ्या मावशीकडे राहायला येतेय, हडपसरला. मावशीचं घर लहान आहे, पण ती म्हणाली, एवढ्यात अजून एक मावेल.’

बाईंनी ते श्रीनिवासरावांना वाचून दाखवलं. ते चष्मा काढून पुसत राहिले.

टर्मवर्कचा प्रश्न उरला होता. सौमित्र म्हणाला, "काकू, लिस्ट माझ्याकडे तशीच आहे. काय करू?"

"पुन्हा लिहायला सांग. आपापलं. फोटोही आपापले."

"परत कॉपी करतील."

"करू देत. मी वाचते हे त्यांना आता कळलंय."

दोन दिवसांत नवी उत्तरं आली. आधीची चार ओळींची होती, ही कुणाची अर्ध्या ओळीची, कुणाची दोन पानांची. शुद्धलेखन भीषण होतं. बाईंनी सकाळची आवराआवर लवकर उरकली, खिडकीपाशी बसल्या आणि वरून सुरुवात केली. सगळ्यांत वर ‘जेवलो’वाला होता.

‘जेवण नकोसं कधी वाटतं?’ याच्यापुढे त्याने लिहिलं होतं: ‘मला कधीच नकोसं वाटत नाही, हाच माझा ताण आहे.’

सुहासिनीबाई हसल्या आणि पुढचं वाचायला घेतलं.